युवराज रोडवरची रात्र

बँकॉकला जाऊन आले असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. 'अच्छा, बँकॉक!' त्यावर मी शांतपणे सांगते, 'हो, आईबरोबर.' हसू जागच्या जागी विरतं.

खरं तर आम्ही दोघी मैत्रिणी जाणार होतो. शॉपिंग, स्पा, रूफटॉप असा फुल टू प्लॅन होता. ऐनवेळी तिच्या बॉसनं रजा कॅन्सल केली आणि मी लॅपटॉपसमोर चरफडत बसले. आई शेजारी गवार मोडत होती. म्हणाली, "माझा पासपोर्ट आहे की. काढल्यापासून कपाटात नुसता पडलाय." झालं. तिचं तिकीट काढलं, रूफटॉप कटाप.

आता यातली गोची ऐका. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, ताटात कांदा-लसूणसुद्धा नाही. आणि मी तिला घेऊन निघाले होते अशा शहरात, जिथे आपण मीठ घालतो तितक्या सहज माशाचा सॉस घालतात. तिनं तिच्या परीनं बंदोबस्त केला. बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू. "पाच दिवसांचा हिशेब आहे. तू तुझं खा, माझी काळजी करू नकोस," असं तिनं मुंबईच्या एअरपोर्टवरच जाहीर करून टाकलं. साडेचार तासांचा प्रवास, घड्याळ दीड तास पुढे, आणि आम्ही बँकॉकमध्ये.

माझ्या लिस्टवर एकच गोष्ट अजिबात कटाप होणार नव्हती. रात्रीचा खाऊबाजार. तोही याओवरातचा.

दिवसा सोनं, रात्री खाणं

याओवरात म्हणजे बँकॉकचं चायनाटाउन. नाव चिनी वाटेल, पण आहे संस्कृत वळणाचं. आपल्या 'युवराज'चंच थाई भावंड म्हणा ना. १७८२ मध्ये पहिल्या राम राजानं नवी राजधानी वसवायला घेतली, तेव्हा राजवाड्याच्या जागेवर राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना उठवून थोडं पलीकडे, सांपेंगला बसवण्यात आलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चुलालोंगकोर्न राजानं या वस्तीतून नवा रस्ता काढला, तो हा युवराज रोड. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण वळणं घेत जाणारा. तिथले लोक म्हणतात, ड्रॅगनचं अंग आहे. २०१९ मध्ये वात मांगकोन हे मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि तिथं पोहोचणं एकदम सोपं झालं.

आम्ही शनिवारी पाचच्या सुमारास स्टेशनातून वर आलो. मला हवा होता खाण्याचा बाजार आणि समोर दिसत होती सोन्याची दुकानं. लाल भडक दर्शनी भाग, आत पिवळाधमक उजेड, एकाला लागून एक. आईचे डोळे लकाकले. "इथे तोळा कसा?" आता तोळा तिथे नाही. सोनं मोजायचं माप म्हणजे 'बात'. चलनाचं नावही बात आणि वजनाचं नावही बात! एक बात सोनं म्हणजे साधारण सव्वापंधरा ग्रॅम. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. आईनं कॅल्क्युलेटर न काढता बोटांवर हिशेब मांडला आणि निकाल दिला, "आपलं तुळशीबागेतलं एक ग्रॅमवालंच बरं."

सहा वाजले आणि सीन बदलायला लागला. सोनारांनी शटर ओढायला सुरुवात केली आणि गल्ल्यांमधून गाड्या निघाल्या. चाकांवरच्या शेगड्या, सिलिंडर, बर्फाच्या पेट्या, लाल प्लास्टिकची स्टुलं. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी कुणाला विचारत नव्हतं, ओरडत नव्हतं. सोनाराच्या पायरीसमोर कढई लागली, औषधांच्या दुकानासमोर भाजलेले चेस्टनट, बँकेच्या दारात डाळिंबाचा रस. अर्ध्या तासात फूटपाथ गायब. निऑनच्या चिनी पाट्या पेटल्या आणि सगळा रस्ता धूर, मिरचीचा ठसका आणि कढईचा खणखणाट यांनी भरून गेला.

मी फोन काढून फोटो मारत सुटले. आई मात्र स्थिर उभी राहून गाड्या लागताना बघत होती. त्या वेळी माझ्या ते लक्षात आलं नाही.

माशाचं पाणी

आधी माझा नंबर. पॅड थाई घेतली. ही डिश आपल्याला वाटते तितकी पुराणकाळची नाही बरं का. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड झालं, त्या सुमारास पंतप्रधान फिबून सोंगखराम यांच्या सरकारनं देशाची अशी एक डिश म्हणून तिचा जोरदार प्रचार केला. तांदळाच्या शेवया, मोड आलेले मूग, टोफू, वरून शेंगदाण्याचा कूट. आणि चव कशाची? चिंच आणि ताडगूळ! म्हणजे आपली चिंचगुळाची आमटीच, फक्त कढईत कोरडी झालेली. आई वास घेऊन म्हणाली, "ओळखीचं वाटतंय गं."

ओळखीचं होतं, पण खाता येणारं नव्हतं. कारण त्यात 'नाम प्ला'. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. मासे मिठात मुरवून काढलेलं हे पाणी थाई स्वयंपाकाचा आत्मा आहे. शेजारी सोम ताम चाललं होतं. मातीच्या उखळात लाकडी मुसळानं मिरची, लसूण, कच्च्या पपईचा कीस. ठॉक ठॉक ठॉक. आईला वाटलं, कोशिंबिरीत काय असणार? तेवढ्यात वर पडले सुके सोडे. "रामकृष्ण हरी," म्हणत ती दोन पावलं मागे.

पुढे शिंपल्यांचं ऑम्लेट, मिरपुडीच्या रश्शातल्या गुंडाळलेल्या शेवया (रस्सा डुकराचा), कोळशावरची कोळंबी. मी प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं चाखत होते आणि मनातून जाम गिल्टी वाटत होतं. आई पाण्याची बाटली धरून मागून चालतेय आणि म्हणतेय, "खा गं, माझ्या दशम्या आहेत हॉटेलवर."

आणि मग तो पिवळा झेंडा दिसला.

थायलंडमध्ये 'जे' नावाचा प्रकार आहे. पिवळ्या कागदावर लाल अक्षर, आपल्याला इंग्रजी १७ सारखं दिसतं. जिथे हे चिन्ह तिथे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस ही मंडळी जे पाळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात हे दिवस, बऱ्याचदा आपल्या नवरात्राच्या आसपासच. तेव्हा अख्खा याओवरात पिवळा होतो. एरवीही काही गाड्यांवर हा झेंडा वर्षभर असतो. साध्या शाकाहाराला तिथे 'मांगसाविरात' म्हणतात. नीट ऐका: मांसविरती! मी हे सगळं आईला सांगितलं. तिचं म्हणणं, "म्हणजे माळकरी आहेत की इथेही."

आप्पेवाल्या पा

झेंडा लावलेली गाडी एका वयस्क बाईंची होती. येणारा-जाणारा त्यांना 'पा' म्हणत होता. पा म्हणजे मावशी, आईबापांपेक्षा वयानं मोठी बाई. समोर काळंभोर लोखंडी आप्पेपात्र. अगदी आपलंच, फक्त परातीएवढं. पदार्थाचं नाव खनोम क्रोक. आधी तांदळाचं पातळ, खारट पीठ खळग्यांत फिरवायचं, ते कडेला कुरकुरीत व्हायला लागलं की त्यात नारळाचं दाट गोड दूध ओतायचं, थोडे मक्याचे दाणे, आणि झाकण. दोन मिनिटांनी चमच्यानं उचलून एकावर एक अशा जोड्या लावायच्या. आठ नगांचे पन्नास बात.

आईनं पहिला तोंडात टाकला. बाहेरून कुरकुरीत खारट, आत वाफाळलेली गोड साय. डोळे मिटले तिचे. दुसरा खाल्ला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिचा हात बघ."

मी बघितला. काय बघायचं ते कळलं नाही.

"डावीकडचे आधी शिजतात. ज्योत तिकडे मोठी आहे. म्हणून ती ओतायला उजवीकडून सुरुवात करते आणि काढायला डावीकडून. एक थेंब सांडत नाहीये."

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, जी या कॉलममध्ये मी कधी लिहिलेली नाही. माझे आईबाबा पोह्यांची गाडी लावायचे. स्टेशनबाहेर, सकाळी सहा ते दहा. पोहे, उपमा, गुरुवारी साबुदाणा. माझं इंजिनीअरिंग त्या पोह्यांवर झालं. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'केटरिंग' असं लिहायचे. ऑफिसातही तेच सांगत आले. केटरिंग. खोटं नाही, पण खरंही नाही.

मी सातवीत असताना एकदा पालिकेची व्हॅन आली. मी डबा पोहोचवायला गेले होते, म्हणून डोळ्यांसमोर आहे. गाडी उचलली, शेगडी उचलली, गरम पोह्यांसकट आईचं माहेरचं पितळी पातेलं उचललं. समोरच्या रांगेत माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर उभा होता. मी डबा तिथेच ठेवून शाळेकडे पळत सुटले. नऊ दिवसांनी दंड भरून गाडी सुटली. पातेलं काही आलं नाही. आईबाबांनी पुढे दहा वर्षं गाडी लावली, पण रोज एक डोळा रस्त्याच्या टोकाला ठेवूनच.

तर आता कळलं, आई मघाशी गाड्या लागताना काय बघत होती ते.

"गाडी उचलतात का?"

गर्दी जरा ओसरली तशी आईनं मला कामाला लावलं. विचार तिला, सिलिंडर किती दिवस जातो? पाणी कुठून आणते? जागेचं भाडं कुणाला देते? मी फोनमध्ये बोलायचे, फोन थाईत बोलायचा, पा फोनमध्ये बोलायच्या. सिलिंडर तीन दिवस. पाणी मागच्या गल्लीतून. जागा आधी त्यांच्या आईची होती, मागचं दुकान बंद झाल्यावर गाडी लावायची आणि जाताना झाडून जायचं. पा उत्तरं देत होत्या आणि हात चालूच होता. आई मान डोलावत होती. दोन सीए ऑडिटवर चर्चा करतायत असा सगळा थाट.

मग आईनं तो प्रश्न विचारला. "गाडी उचलतात का इथे?"

फोननं त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे. पा गोंधळून म्हणाल्या, "माझ्याकडे मोटार नाही." आई हसली. मग तिनं दोन्ही हातांनी आप्पेपात्र उचलून मागे फेकल्यासारखं केलं, आणि शिट्टी वाजवल्याची खूण केली.

पांचा हात थांबला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. कुठलंही ॲप लागलं नाही. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ बोलत राहिल्या. फोनला झेपलं तेवढं असं: पूर्वी धावपळ असायची. आता इथे वेळ ठरलेली आहे. सोमवारी रस्ता धुतात, म्हणून सोमवारी सुट्टी. पण त्यांची बहीण फुलबाजाराबाहेर फूटपाथवर फुलं विकायची, तिला मात्र उठवलं. ती आता घरीच असते.

हॉटेलवर येऊन मी वाचत बसले. बँकॉकचे फूटपाथ मोकळे करायची मोहीम २०१४ नंतर जोरात सुरू झाली. २०१५ मध्ये सफान लेकचा बाजार हटवला, २०१६ मध्ये पाक ख्लोंग तलात या प्रसिद्ध फुलबाजाराचे फूटपाथवरचे विक्रेते. एप्रिल २०१७ मध्ये रस्त्यावरचं खाणंच शहरातून हलवणार अशी बातमी आली आणि जगभरातून ओरड झाली. मग प्रशासनानं सांगितलं की याओवरात आणि खाओसान रोड इथलं खाणं राहील. गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बँकॉकची पहिली मिशेलिन गाइड निघाली आणि त्यात जे फाय या बाईंच्या साध्या, रस्त्यालगतच्या दुकानाला एक स्टार मिळाला. कोळशाच्या धगीपासून वाचायला स्कीइंगचा गॉगल लावून त्या खेकड्याचं ऑम्लेट करतात, तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. म्हणजे एकाच वर्षात एकानं म्हटलं हटवा आणि दुसऱ्यानं म्हटलं जगातलं बेस्ट.

दुसऱ्या प्रकारचे नाइट मार्केटही तिथे भरपूर आहेत. रच्चदा भागातला रंगीबेरंगी तंबूंचा ट्रेन मार्केट फोटोसाठी फेमस होता. २०१५ मध्ये सुरू झाला, कोविडच्या काळात २०२१ मध्ये बंद पडला. खासगी जागा, आखलेले स्टॉल, भरायचं भाडं. अशा एका बाजारात रविवारी गेलोही. झकास लायटिंग, स्वच्छ टेबलं, मस्त गाणी. आई म्हणाली, "छान आहे. पण इथे पासारखी बाई भाडं कुठून भरणार?"

आपल्याकडेही २०१४ मध्ये फेरीवाल्यांसाठी कायदा झाला. विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमा, जागा ठरवा, असं सगळं त्यात आहे. हा कायदा मीही परवापर्यंत वाचलेला नव्हता. खाऊगल्ल्यांवर मात्र मी आजवर सतरा वेळा तरी लिहिलंय. कुठली चटणी तिखट, कुठलं बटर जास्त. गाडीमागच्या माणसाला रात्री परत यायला जागा असते का, हे एकदाही विचारलं नाही. विचारायला मला सगळ्यांत कमी भाषांतर लागलं असतं, तरीही.

एका लाडवाचा हिशेब

निघताना आईनं पर्समधून कागदात गुंडाळलेला मेथीचा लाडू काढून पांना दिला. पांनी विचारलं, "जे?" आईला शब्द एव्हाना पाठ झाला होता. "जे, जे," म्हणाली. पांनी एक घास घेतला, मेथीचा कडूपणा लागल्यावर एक क्षण चेहरा झाला, मग उरलेला नीट गुंडाळून गल्ल्याच्या डब्यात ठेवला. आप्प्यांचे पैसे मात्र पूर्ण घेतले. मला जरा वाटलं, निदान एक प्लेट तरी... आई म्हणाली, "बरोबर केलं तिनं. धंद्याच्या वेळी फुकट देऊ नये."

मग आम्ही बुआ लोय खाल्लं. काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, आल्याच्या गरमागरम तिखट पाण्यात. आईनं त्याला 'सर्दी झालेल्यांसाठी मोदक' असं नाव दिलं. शेवटी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. यावर ती फक्त म्हणाली, "हापूस नाही, पण नाव ठेवायला जागा नाही." देवगड सोडून दुसऱ्या आंब्याला तिनं दिलेलं हे सर्वोच्च सर्टिफिकेट आहे.

सोमवारी रात्री परतीच्या विमानाआधी थोडा वेळ होता. आईच म्हणाली, तिकडे जाऊन येऊ. याओवरातला बऱ्याच गाड्या नव्हत्या. रस्ता ओला, धुतलेला. पांच्या जागेवर कुणीच उभं नव्हतं. फूटपाथवर फक्त एक काळपट गोल डाग होता, कितीही धुतला तरी न जाणारा, तेलाचा. आई तिथे थोडी थांबली. "उद्या येईल ती," म्हणाली आणि चालायला लागली.

परवा ऑफिसात लंचला नव्या जॉइन झालेल्या मुलीनं सहज विचारलं, "तुझे बाबा काय करायचे?" टेबलावर आम्ही सहाजण होतो.

"पोह्यांची गाडी होती आमची," मी म्हटलं. "स्टेशनबाहेर."

एक सेकंद शांतता. मग ती पुढे झुकून म्हणाली, "वरून शेव घालायचे का तुम्ही? की ओलं खोबरं?"

दोन्ही. आणि लिंबाची फोड वेगळी.

जाताय? मग एवढं लक्षात ठेवा

* संध्याकाळी सहानंतर पोहोचा. सोमवार टाळा, बऱ्याच गाड्या बंद असतात.
* टॅक्सीच्या फंदात पडू नका. मेट्रोच्या ब्लू लाइननं वात मांगकोन स्टेशनला उतरा.
* शाकाहारी असाल तर 'किन जे' हे दोन शब्द पाठ करा. बायकांनी शेवटी 'खा' लावायचं, पुरुषांनी 'क्रप'.
* 'माइ फेत' म्हणजे तिखट नको. 'फेत नित नोय' म्हणजे थोडंसं तिखट. फाजील आत्मविश्वास नको, त्यांची मिरची वेगळीच चीज आहे.
* सुट्टे पैसे जवळ ठेवा. हजाराची नोट बघून कुठलीही पा वैतागेल.
* कुणी 'किन खाओ रू यांग?' विचारलं तर घाबरू नका. शब्दशः अर्थ 'भात खाल्ला का?' आपल्या 'जेवलात का?'सारखंच, ख्यालीखुशाली विचारायची पद्धत.